पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी परवडणारी सेमी-ऑटो शॉटगन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, आणि उत्तरंही अमेरिकेपुरतीच आहेत. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. जायकवाडीला किंवा नांदूर मध्यमेश्वरला थंडीत उतरणारी बदकं दुर्बिणीतूनच पाहायची, तिथे दुसरा पर्यायच नाही. अमेरिकेत मात्र परवाना, ठरलेला हंगाम आणि रोजची मर्यादा पाळून बदकांची शिकार करता येते. हंगाम जवळ आला की ऑफिसातलं कुणीतरी 'येतोस का या शनिवारी' असं विचारतं आणि मग बंदुकीचा विषय निघतो.

मी एच-१बीवर आहे. बंदूक विकत घेणं सोडा, हातात तरी धरता येते का?

हा प्रश्न ब्रँडच्या आधी यायला हवा, पण बरेच जण तो दुकानात फॉर्म भरताना विचारतात. केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ सगळे त्यात आले. बंदूक मित्राची असली तरी सुटका नाही. रेंजवर ती दहा मिनिटं हातात घेतली तरी मनाई लागू होते.

या मनाईला मोजके अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना तुमच्याकडे हवा. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मग दुकान. दुकानात फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म, भरताना तो परवाना दाखवावा लागतो, सोबत आय-९४ चा, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीचा, तपशील. आणि परवान्याची मुदत संपली, नवा काढायचा राहिला, तर कपाटातली बंदूकसुद्धा त्या दिवसापासून बेकायदा ठरू शकते. हंगाम संपल्यावर परवान्याकडे कुणी बघत नाही, म्हणून फोनवर आठवण लावून ठेवा.

ग्रीन कार्ड असेल तर केंद्रीय कायद्यात ही अट नाही. राज्यांचं वेगळं. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड, म्हणजे बंदूकधारकाचं ओळखपत्र, लागतं, न्यू जर्सीत पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं, काही राज्यं व्हिसावाल्यांच्या बाबतीत जास्त कडक आहेत. शस्त्रासंबंधीचा गुन्हा हद्दपारीचं कारण होऊ शकतो. तुमचा अर्ज कुठल्याही टप्प्यावर अडकलेला असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ती फी बंदुकीपेक्षा स्वस्त पडते.

परवडणारी म्हणजे किती डॉलरची?

नव्या सेमी-ऑटोसाठी, म्हणजे बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीसाठी, मी ६०० ते १,१०० डॉलर हा पट्टा धरतो. त्याच्या वर बेनेली सुपर ब्लॅक ईगल ३ सारख्या बंदुका आहेत, ज्यांच्या किमती २,००० डॉलरच्या आसपास फिरतात. त्या उत्तम आहेत, यात वाद नाही. पण पहिल्या-दुसऱ्या हंगामात बदक हुकतं ते बंदुकीमुळे नव्हे, हे शिकवणारा कुठलाही माणूस सांगेल.

बंदुकीच्या किमतीवर हिशेब संपत नाही. पाण्यात उतरायचे वेडर, डिकॉय म्हणजे नकली बदकं, गरम कपडे, परवाने आणि काडतुसं हे सगळं पुढे उभं असतं. त्यामुळे बजेट १,००० डॉलर असेल तर ७०० ची बंदूक घ्या आणि उरलेले पैसे उन्हाळ्यात क्ले शूटिंगवर, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर, घालवा. माझं या विषयावरचं मुख्य म्हणणं एवढंच आहे. खालची बरीच उत्तरं त्याच्याच अनुषंगाने आहेत.

सेमी-ऑटोच का? पंप निम्म्या किमतीत मिळते.

मिळते, आणि पंप, म्हणजे हाताने पुढे-मागे करून काडतूस भरायची बंदूक, वाईट नाही. रेमिंग्टन ८७० ही बंदूक १९५० पासून आहे आणि आजही पाणथळीवर ती घेऊन येणारे लोक दिसतात. चिखल, बर्फ, वाळू सगळं झेलते. नियमाप्रमाणे बंदुकीत तीनच काडतुसं भरता येतात, तेव्हा जास्त बार काढता येतील म्हणून सेमी-ऑटो घेण्यात अर्थ नाही.

फरक दोन ठिकाणी पडतो. एक, धक्का. लोखंडी छर्ऱ्यांची जोरदार काडतुसं पंपमधून उडवली की खांदा बोलायला लागतो. गॅसवर चालणारी सेमी-ऑटो तोच धक्का थोडा लांबवते आणि सौम्य करते. दोन, दुसरा बार. पंपमध्ये हात पुढे-मागे करताना नवशिक्याचा दस्ता खांद्यावरून आणि गाल दस्त्यावरून हलतो. पक्षी तेवढ्यात पुढे निघून जातो. लपणात, बोटीत, अंगावर तीन थर असताना हे जास्त जाणवतं. बजेट ४०० च्या आत असेल तर मात्र बिनधास्त पंप घ्या. ४०० ची अनोळखी सेमी-ऑटो घेऊ नका.

गॅस की इनर्शिया?

खरी निवड इथे आहे. ब्रँड नंतर.

बार उडाल्यावर रिकामं काडतूस बाहेर फेकून पुढचं भरायला शक्ती कुठून येते, हा मुद्दा. गॅसच्या बंदुकीत नळीला खालच्या बाजूने बारीक भोकं असतात. जळलेल्या दारूचा थोडा वायू त्यातून निघून पिस्टनला मागे ढकलतो आणि पिस्टन बोल्टला, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या तुकड्याला. इनर्शियात वायूचा काही संबंध नसतो. धक्क्याने अख्खी बंदूक मागे येते, बोल्टचा जड भाग मात्र जडत्वामुळे जागीच राहू पाहतो, आणि बोल्ट व त्याचं फिरतं डोकं यांच्यामधली आखूड, ताठ स्प्रिंग दाबली जाते. छर्रे नळीबाहेर पडल्यावर ती स्प्रिंग उसळते आणि बोल्ट मागे जातो. ही रचना इटलीतल्या बेनेलीने नावारूपाला आणली. पेटंटची मुदत संपल्यावर तुर्कस्तानातल्या कारखान्यांनी ती उचलली आणि म्हणूनच आज ती ६००-७०० डॉलरमध्ये मिळते.

गॅसचे फायदे: खांद्याला सौम्य, साध्या क्लेच्या काडतुसांपासून जड काडतुसांपर्यंत बहुतेक सगळं पचवते. तोटे: पिस्टनच्या आसपास काजळी साचते, सुटे भाग जास्त, वजन थोडं जास्त. इनर्शियाचे फायदे: आत स्वच्छ राहते, भाग मोजके, रात्री दमून घरी आल्यावर पुसून ठेवली तरी चालते, आणि लांब चालत जायचं असेल तर वजन कमी. तोटे: धक्का जास्त, आणि तिला धक्का मिळाला तरच ती चालते. अगदी हलक्या काडतुसांवर नवी इनर्शिया बंदूक कधी कधी अडते. म्हणून सुरुवातीला एक-दोन डबे जोरदार काडतुसं उडवून ती मोकळी करून घ्यायची. नळीवर, मॅगझिनवर (जादा काडतुसं बसतात त्या खालच्या नळीवर) जड वस्तू लावल्या तर बंदूक कमी मागे सरकते आणि हीच तक्रार पुन्हा येते.

मला विचाराल तर: बोटीतून किंवा ठरलेल्या लपणातून शिकार करणार असाल, उन्हाळ्यात भरपूर क्ले मारणार असाल, घरातलं आणखी कुणी ती वापरणार असेल, तर गॅस. चिखलातून मैलभर चालत जाणार असाल, साफसफाईचा कंटाळा असेल, तर इनर्शिया.

इनर्शियाच्या बंदुकीचं ते 'खट्' प्रकरण काय आहे?

हे समजून न घेता इनर्शिया घेऊ नये. पहाट झालेली, मॅलार्ड बदकांची जोडी पंख आवळून डिकॉयवर उतरतेय, तुम्ही उठता, चाप ओढता आणि फक्त 'खट्'. फुसका बारसुद्धा नाही. काडतूस नळीत आहे, बंदूक बिघडलेली नाही, तरी बार होत नाही.

कारण असं की बोल्टचं डोकं पूर्ण पुढे जाऊन फिरलं तरच कुलूप लागतं. पहाटे आवाज नको म्हणून बोल्ट हाताने हळूच पुढे सोडला, किंवा दस्ता बोटीच्या तळावर आपटला, किंवा झुडपात बोल्टची मूठ अडकून जराशी मागे आली, तर डोकं अर्धवट फिरलेलं राहतं. वरून पाहिलं तर बोल्ट बंदच दिसतो. गॅसच्या बंदुकीत हा प्रकार क्वचित. बेनेलीने सुपर ब्लॅक ईगल ३ मध्ये यासाठी वेगळी सोय केली, रेटाय कंपनीनेही आपल्या इनर्शिया बंदुकांत त्यावर उपाय काढलाय. स्वस्त मॉडेलांत मात्र जुनीच रचना असते.

उपाय फुकटचा आहे. बोल्ट नेहमी पूर्ण जोरात सोडायचा, आवाज झाला तर होऊ दे. उभं राहताना, बसताना, कुत्रा अंगावर धडकल्यावर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून बोल्टच्या मुठीवर तळव्याने एक थाप द्यायची. ही सवय लागली की 'खट्' आयुष्यातून जातं. आणि झालंच, तर लगेच बोल्ट उघडू नका. काडतूस उशिराही पेटू शकतं. नळी पाण्याकडे रोखून अर्धा मिनिट थांबा, मग उघडा.

३ इंच की साडेतीन इंच?

३ इंच. इथे मोजतात ती काडतुसाची लांबी. साडेतीन इंची १२ गेजचं (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; आकडा लहान तितकी नळी रुंद) काडतूस १९८८ मध्ये आलं. तेव्हा शिशाला पर्याय म्हणून लोखंडी छर्रे वापरात येत होते आणि त्या काळातली लोखंडी काडतुसं खरोखर कमजोर होती. लोखंड शिशापेक्षा हलकं, म्हणून जास्त छर्रे कोंबायला लांब काडतूस हवं, असा तो विचार. आज ३ इंची काडतुसात सव्वा औंस छर्रे सेकंदाला १,४५० फुटांच्या वेगाने सुटतात आणि बदकं काय, कॅनडा गूज हा मोठा हंसही योग्य अंतरावर पडतो. साडेतीन इंची काडतुसं महाग, धक्का दणकट, आणि त्या चेंबरच्या (काडतूस बसायच्या जागेच्या) स्वस्त बंदुका हलक्या काडतुसांवर नखरे करतात. दुकानदार 'पुढे लागलं तर' म्हणतो. सहसा लागत नाही.

१२ गेज की २० गेज?

पहिली आणि एकच बंदूक असेल तर १२. लोखंडी काडतुसांची निवड जास्त, किंमत कमी, लहान गावातल्या दुकानातही मिळतात. २० गेज लहान चणीच्या माणसाला किंवा मुलांना छान, पण त्यात लोखंडाचे छर्रे कमी बसतात, म्हणून अंतर कमी ठेवावं लागतं. बिस्मथ या धातूचे छर्रे वापरायची तयारी असेल तर २० चं बळ वाढतं; बिस्मथ लोखंडापेक्षा बरंच जड आहे. फक्त त्याचं एकेक काडतूस दोन डॉलरच्या घरात जातं.

नेमकी कोणती घेऊ? नावं सांगा.

स्टोगर एम३०००. तुर्कस्तानात बनते, इनर्शिया, ३ इंची, बेनेलीच्याच घराण्यातली. ६००-७०० डॉलरमध्ये हिच्याइतकं काम देणाऱ्या बंदुका थोड्या. हाताला थोडी ओबडधोबड लागते, चाप जड आहे, पहिले काही डबे ती कुरकुरते. त्यानंतर मात्र वर्षानुवर्षं चालवणारे लोक आहेत. साडेतीन इंची भाऊ एम३५००. त्याची गरज का नाही ते वर आलंच.

ट्रायस्टार वायपर जी२. गॅस, तीही तुर्की, साधारण त्याच किमतीत. धक्का कमी हवा आणि पैसेही कमी, असं असेल तर ही बघा. २० गेजमध्ये तर ही फारच सुटसुटीत.

बेरेटा ए३०० अल्टिमा. गॅस, ३ इंची, टेनेसी राज्यातल्या गॅलटिनच्या कारखान्यात बनते. ९०० ते १,१०० डॉलर. या पट्ट्यात डोळे मिटून एक नाव सांगा म्हटलं तर मी हेच सांगेन. बेरेटाच्या महागड्या बंदुकांचंच जुनं, पारखलेलं गॅस तंत्र, मोठा बोल्ट-हँडल, हातमोजे घालून सहज चालणारी बटणं, आणि रुंद लोडिंग पोर्ट, ज्यात थंडीने बधिर झालेला अंगठा चिमटत नाही.

फ्रँकी अफिनिटी ३. इटलीची, इनर्शिया, हलकी आणि हातात जिवंत वाटणारी. किंमत ए३०० च्या जवळपास. हलकी म्हणून धक्का अंगावर येतो; ते चालत असेल तर चालत शिकार करणाऱ्यांसाठी हिच्यासारखी नाही.

मॉसबर्ग ९४० प्रो वॉटरफाउल. आधीची ९३० काजळीने अडते अशी तिची ख्याती होती. ९४० मध्ये कंपनीने गॅसची यंत्रणा नव्याने केली आणि १,५०० बार साफ न करता चालेल असा दावा केला. दावा तपासायला जाऊ नका, साफ करा. पण सुधारणा खरी आहे, आणि दस्त्याची लांबी स्पेसर काढून बरीच कमी करता येते ही मोठी सोय.

विंचेस्टर एसएक्स४. गॅस, वेगवान, ३ आणि साडेतीन इंच दोन्हींत मिळते. सेफ्टीचं बटण मोठं आहे, हातमोज्यांतून सापडतं.

किमती दुकानागणिक आणि महिन्यागणिक हलतात. हंगाम संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्या उतरतात.

तुर्की बंदुका भरवशाच्या असतात का?

'तुर्की' हा एक ब्रँड नाही, हे आधी लक्षात घ्या. कोन्या प्रांतातल्या हुग्लूसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या बंदुका बनतात. सीझेड या झेक कंपनीच्या नावाने विकल्या गेलेल्या बऱ्याच शॉटगन तिथल्याच. त्याच देशातून असंख्य अनोळखी नावांच्या बंदुकाही येतात, ज्यांचा आयातदार दोन वर्षांनी दिसत नाही. म्हणून बंदुकीपेक्षा आयातदार बघा: त्याचा अमेरिकेत सर्व्हिस विभाग आहे का, एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन आणि जादा चोक (नळीच्या तोंडात बसवायचे तुकडे) सुटे मिळतात का, फोन कुणी उचलतं का. खरेदीच्या आधी एक फोन करून बघायला काय हरकत आहे?

माझी उंची पाच फूट पाच इंच. सगळ्याच बंदुका लांब वाटतात.

वाटत नाहीत, आहेत. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी बहुतेक मॉडेलांत सव्वाचौदा-साडेचौदा इंच असते, आणि तीही पातळ शर्टावर मोजलेली. त्यावर जाड जॅकेट आणि वेडरचा पट्टा आला की दस्ता काखेत अडकतो, खांद्यावर नीट बसत नाही आणि बार हुकतो. आपल्याकडच्या पुष्कळ जणांना, बायकांना तर हमखास, अर्धा ते एक इंच आखूड दस्ता लागतो.

दुकानात जाताना शिकारीचं जॅकेट घेऊन जा. बंदूक रिकामी आहे हे दुकानदाराने आणि तुम्ही दोघांनी पाहा. मग सुरक्षित दिशेला, लांबच्या भिंतीवरचा एक ठिपका निवडा, डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. नळीवरची पट्टी आणि टोकाचा मणी सरळ रेषेत दिसले तर ती तुमची. पट्टी खूपच दिसत असेल तर दस्ता उंच, नुसता बोल्टच दिसत असेल तर खाली. बहुतेक बंदुकांबरोबर शिम नावाच्या पातळ पट्ट्या येतात, त्याने हे बदलता येतं. डब्यात त्या पडून राहतात आणि माणूस तीन वर्षं बदकांच्या वरून बार काढत राहतो.

तुमचा कुठला डोळा जोरदार, म्हणजे नेम धरताना पुढाकार घेणारा, आहे तेही बघून घ्या. उजव्या खांद्यावर बंदूक आणि डावा डोळा जोरदार, असं असेल तर शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा.

छर्रे, चोक आणि शिशाची बंदी: हे काय गौडबंगाल आहे?

शिशाचे छर्रे पाण्याच्या तळाशी पडून राहतात, बदकं दाणे किंवा खडे समजून ते गिळतात आणि विषबाधेने मरतात. त्या पक्ष्यांना खाणारे गरुडही मरतात. म्हणून १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं सर्वत्र बंद आहे. उडवायचं नाही एवढंच नव्हे, शिकारीच्या वेळी ते अंगावर असूनही चालत नाही. सप्टेंबरात कबुतरांना नेलेली दोन शिशाची काडतुसं जॅकेटच्या तळाशी राहून गेली म्हणून दंड भरणारे दर हंगामात सापडतात. कॅलिफोर्नियात तर जुलै २०१९ पासून कुठल्याच शिकारीत शिसं चालत नाही.

लोखंड हलकं, म्हणून छर्रा शिशापेक्षा दोन आकार मोठा घ्यायचा. बदकांना २ नंबर (नंबर लहान तितका छर्रा मोठा), डिकॉयवर अगदी जवळ येत असतील तर ४, गूजसाठी त्याहून मोठा बीबी. एका औंसात २ नंबरचे साधारण १२५ छर्रे बसतात, ४ चे १९० च्या पुढे, बीबीचे फक्त ७२. एकच डबा घ्यायचा तर ३ इंची, २ नंबर.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाची आवळण. लोखंडी छर्रे शिशासारखे चेपत नाहीत, त्यामुळे ते आपोआप जास्त दाट राहतात. इंप्रूव्ह्ड सिलिंडर किंवा मॉडिफाइड हा कमी आवळणारा चोक पुरतो. जास्त आवळणाऱ्या फुल चोकवर लोखंडाला परवानगी असल्याचा शिक्का नसेल तर त्यातून लोखंड उडवू नका, नळी फुगते. १०० डॉलरचे खास चोक घेण्याआधी बंदुकीबरोबर आलेले चोक कागदावर तपासा: ३५ यार्डांवर मोठा कागद, मधोमध ठिपका, एक बार. दाट भाग ठिपक्याभोवती आहे की डावीकडे-वर सरकलाय, मध्ये बदक निसटेल एवढी खिंडारं आहेत का, ते डोळ्यांना दिसतं. दोन-तीन ब्रँडची काडतुसं अशी बघा. एकाच बंदुकीतून निकाल चकित करण्याइतके वेगळे येतात. आणि ४० यार्डांच्या पुढे लोखंडाने बार काढू नका. पक्षी जखमी होऊन निघून जातो.

जुनी बंदूक घेतली तर?

चांगला मार्ग, जरा डोळस राहून. रेमिंग्टन ११-८७ जुन्या बाजारात सहज दिसते. ती दुसरं काडतूस भरत नसेल तर आधी नळीखालची रबरी ओ-रिंग बघा. काही डॉलरची वस्तू आणि निम्म्या तक्रारी तिच्यामुळे. मॅगझिनच्या नळीवर पिस्टन सरकतो, म्हणून तिथे गंजाचे खड्डे असतील तर सोडून द्या. चेंबरमध्ये टॉर्च मारून बघा. तिथला गंज काडतूस अडकवतो.

ब्राउनिंगची ऑटो-५, पाठीवर कुबड असलेली, दिसली की मन पाघळतं. जॉन ब्राउनिंगची ती रचना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, बार उडाला की अख्खी नळी मागे येते. सुंदर वस्तू आहे. पण बेल्जियममध्ये बनलेल्या तिच्या जुन्या नळ्यांतून लोखंड उडवायचं नसतं, म्हणजे बदकांसाठी महागडं बिस्मथ आलं. जुन्या, बदलता न येणाऱ्या चोकच्या इतर बऱ्याच नळ्यांनाही हेच लागू.

कॅमो, म्हणजे झुडपांत मिसळून जाणारे रंग, हवा का?

बदकाला तुमचा चेहरा आणि हालचाल दिसते, बंदुकीचा रंग नंतर. कॅमोचा खरा उपयोग वेगळा: तो थर धातूला गंजापासून वाचवतो. साधा काळा सिंथेटिक दस्ता स्वस्त मिळत असेल तर घ्या.

साफसफाई किती करायची?

गोड्या पाण्यावरून आल्यावर बंदूक पुसा, नळी आणि चेंबर कोरडा करा, पुरे. चेसापीक किंवा टेक्सासच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात गेला असाल तर त्याच रात्री सगळं उघडा. सकाळपर्यंत लाल डाग येतात. हंगामात एकदा मॅगझिनची टोपी काढून आतली स्प्रिंग आणि चापाचा गट धुवा. चोक काढून, धाग्यांना किंचित वंगण लावून परत बसवा, नाहीतर तो जन्माचा बसतो.

तेल कमी. नॉर्थ डकोटाच्या थंडीत जाड तेल गोठून बोल्ट कूर्मगतीने चालतो, आणि लोक बंदुकीला शिव्या देतात. नवी बंदूक मात्र पहिल्या बाराआधी पूर्ण पुसून घ्या; कारखान्यातला चिकट थर हा वंगण नसून गंजरोधक लेप असतो.

तीन काडतुसांचा नियम आणि तो प्लग काय आहे?

स्थलांतरित पक्ष्यांसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसं बसली पाहिजेत: एक चेंबरमध्ये, दोन मॅगझिनमध्ये. त्यासाठी मॅगझिनच्या नळीत एक दांडी, म्हणजे प्लग, घालतात. तुम्ही तीनच भरली होती हे सांगून उपयोग नाही. चौथं बसू शकतं एवढंच वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम तपासणारा अधिकारी, बघतो. नवी बंदूक सहसा प्लगसहित येते, पण साफ करताना तो टेबलावरच राहतो. जुनी घेतली असेल तर आधी तेवढं तपासा. स्नो गूज या पांढऱ्या हंसांच्या खास वसंतातल्या मोहिमेत हा नियम शिथिल असतो, कारण त्यांची संख्या वाढून आर्क्टिकमधली त्यांची अंडी घालायची जमीन उजाड होऊ लागली होती.

बंदुकीशिवाय कागदपत्रं कोणती लागतात?

राज्याचा शिकार परवाना, स्थलांतरित पक्ष्यांची शिकार करणाऱ्यांची एचआयपी नोंदणी, अनेक राज्यांत राज्याचा वेगळा स्टॅम्प, आणि १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला केंद्राचा डक स्टॅम्प. तो २५ डॉलरचा. १९३४ पासून ही पद्धत आहे आणि जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जमिनी विकत घेण्यात किंवा राखण्यात जातो. राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यांत जिथे प्रवेश फी असते तिथे हाच स्टॅम्प पास म्हणून चालतो, त्यामुळे बंदुकीला हातही न लावणारे पक्षिनिरीक्षकही तो घेतात. तलवार बदक आणि थापट्या ही नांदूरला येणारी मंडळी अमेरिकेतही आहेत. त्यांचे अमेरिकी भाऊबंद त्याच पैशाच्या पाणथळीवर उतरतात.

शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंत. बदकांची रोजची मर्यादा बहुतेक ठिकाणी सहा, त्यातही जातीनिहाय आणि काही जातींत नर-मादीनिहाय पोटमर्यादा. पहाटेच्या अंधुक उजेडात पिनटेल (तलवार बदक) की गॅडवॉल हे ओळखता येत नसेल तर बार काढायचा नाही.

घरी लहान मुलं आहेत. बंदूक कुठे ठेवायची?

कुलूपबंद लोखंडी कपाटात, रिकामी. काडतुसं वेगळ्या कुलपात. लहान मुलं असलेल्या घरी बंदूक कुलपात ठेवणं अनेक राज्यांत कायद्यानेच बंधनकारक आहे. दुकानातून बंदुकीबरोबर मिळणारं तारेचं कुलूप हे कपाट येईपर्यंतचं काम भागवतं, त्याहून जास्त नाही. कपाटाचा खर्च बंदुकीच्या बजेटमध्येच धरा.

भारतात जाताना बरोबर नेता येईल का?

नाही, विचारही करू नका. उलट वेगळीच काळजी घ्या. शिकारीचं जॅकेट, पाठपिशवी, गाडीतली डफल बॅग यातलं काहीही डिसेंबरच्या भारतवारीसाठी वापरणार असाल तर आधी प्रत्येक खिसा उलटा करा. विसरलेलं एक काडतूस बॅगेत सापडलं तरी भारतातल्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि 'चुकून राहिलं' हे मग पोलीस ठाण्यात आणि कोर्टात सांगत बसावं लागतं. शिकारीची बॅग वेगळी आणि प्रवासाची वेगळी ठेवा.